रोज इफ्तारनंतर अन्न फेकावं लागतं, बोलले तर कंजूस ठरते

एका ताईंचं पत्र आलंय, लांब आहे म्हणून थोडक्यात सांगते. घरात सात माणसं आहेत, त्या स्वतः, नवरा, सासू-सासरे, धाकटा दीर आणि दोन मुलं, त्यातला थोरला नऊ वर्षांचा आहे आणि यंदा हट्टाने अधूनमधून रोजा धरतोय. रमजानचे दहा रोजे झालेत आणि रोज रात्री दस्तरखान, म्हणजे जेवणासाठी अंथरलेली चादर, उचलताना त्यांना रडू येतं, कारण तळलेलं मऊ पडलेलं असतं, कापलेली फळं काळी पडलेली, भात निम्मा तसाच, सरबताचा जग अर्धा. त्यातलं थोडं त्या सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, स्वतः संपवतात, थोडं कुणाला तरी देतात, बाकीचं कचऱ्यात जातं. सासूबाई म्हणतात की रोजेदाराच्या दस्तरखानावर मोजमाप केलं की बरकत जाते. नवरा कामावरून येताना रोज वाटेत काहीतरी पाकिटं घेऊन येतो. एकदा त्या बोलल्या तर दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "भाभी, रमजानमध्ये तरी कंजुषी नको." आता येत्या रविवारी वीस माणसांची इफ्तार दावत आहे. त्या विचारतात, गुपचूप कमी बनवायला लागू का? की उधळपट्टीबद्दलच्या कुराणातल्या आयती आणि हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, सासूबाईंना दाखवू, तुम्ही मला त्या लिहून द्याल का? आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहज लिहिल्यासारखं एक वाक्य आहे, "मगरिबची अजान होते तेव्हा मी बहुतेक गॅससमोरच असते." मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, तिच्या अजानला रोजा सुटतो.

अस्सलामु अलैकुम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ते शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये, त्याकडे येतेच, पण आधी तो 'कंजूस' शब्द. कंजूस माणूस दुसऱ्याच्या ताटात वाढताना हात आखडतो. तुमचा हात कचऱ्याच्या डब्यापाशी अडतोय. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो तुमच्या दिराला आज कळला नाही म्हणून तुम्ही स्वतःवर संशय घेऊ नका.

आता एक साधा हिशेब बघा. रमजानमध्ये दुपारचं जेवण गेलं, मधला चहा-नाश्ता गेला, उरली सहरी आणि इफ्तारी. म्हणजे स्वयंपाकघराचं काम आणि किराणा कमी व्हायला हवा, पण तुम्हीच लिहिलंय की सामान दीडपट आणलं जातं आणि तरी मधेच संपतं. असं का होतं याचा मी माझ्या घरातही बराच विचार केलाय आणि मला एकच कारण दिसतं, इफ्तारीला काय करायचं हे आपण असर, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज, ते मगरिबच्या मधल्या वेळात ठरवतो. त्या वेळी दिवसभराची भूक असते, तोंडाला कोरड पडलेली असते आणि घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात जेवत असतो. सासूबाईंना वाटतं अजून एक प्रकार हवा, मुलाला चार गोष्टी आठवतात, नवरा दुकानासमोरून जाताना वासाने थांबतो, आणि खरं सांगा, तुम्ही स्वतः तांदूळ धुवायला घेता तेव्हा अजून एक मूठ टाकताच ना? मग अजान होते, दोन खजूर, दोन ग्लास पाणी, थोडं सरबत पोटात जातं आणि निम्मी भूक तिथेच संपते.

तुमच्या पत्रात सगळा दोष सासूबाईंच्या स्वभावावर आणि नवऱ्याच्या सवयीवर आलाय, तो मला तितकासा पटत नाही. ठरवायची वेळ चुकतेय असं मला वाटतं. ती बदलून बघा. तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजनंतर, सगळ्यांची पोटं भरलेली असतात, तेव्हा उद्याचं ठरवायचं, पाच मिनिटं पुरतात. कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं, एक मुख्य पदार्थ, एक तळलेला प्रकार, फळं आणि पेय. दुसऱ्या दिवशी असरनंतर त्या कागदात नवीन काही घालायचं नाही, कुणाला काही सुचलंच तर ते परवाच्या कागदावर जातं. सामान आणायला जायचं तेही शक्यतो रात्री किंवा सकाळी सहरीचं पोट भरलेलं असताना, लिस्ट घेऊन.

तुमच्या मुलाचं वेगळं सांगते कारण नऊ वर्षांच्या पोराचा रोजा म्हणजे घरातल्या सगळ्यांचा जीव त्याच्यावर असतो आणि तो दिवसभर जे जे नाव घेईल ते ते आई-आजी करून घालतात, आणि मग तो दोन घासांत झोपेला येतो. त्याला एक वही द्या. दिवसभरात जे खावंसं वाटेल ते त्याने त्यात लिहायचं आणि रात्री त्यातली एकच गोष्ट उद्यासाठी निवडायची. त्याला नाही म्हणावं लागत नाही, आणि निवडताना तो स्वतःच निम्म्या गोष्टी खोडतो, कारण पोट भरल्यावर त्या त्याला तितक्या हव्याशा वाटत नाहीत.

आता सासूबाईंचं म्हणणं, मोजलं की बरकत जाते. हे अनेक घरांमध्ये म्हटलं जातं, प्रेमानेच म्हटलं जातं. पण सहीह बुखारी या हदीससंग्रहात पैगंबरांचे साथी मिकदाम बिन मअदीकरिब यांच्याकडून आलेली हदीस आहे, पैगंबर मुहम्मद (स.) म्हणतात की तुमचं अन्नधान्य मोजा, त्यात तुम्हाला बरकत मिळेल. आणि ईदच्या नमाजाआधी आपण जो फित्रा देतो तो तरी काय आहे? तो मुळात मापानेच ठरलेला आहे, माणशी एक साअ खजूर किंवा जव, एका साअमध्ये चार मुद्द, आणि एक मुद्द म्हणजे मध्यम माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. गरिबाचा हक्क मोजून द्यायचा असेल तर आपल्या पातेल्यातला भात मोजल्याने बरकत कशी जाईल?

तुम्ही आयती आणि हदीस मागितल्यात, देते. सूरह अल-आराफची 31वी आयत, खा आणि प्या पण उधळपट्टी करू नका, अल्लाहला उधळपट्टी करणारे आवडत नाहीत. सूरह बनी इसराईलमध्ये 26 आणि 27वी, नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क द्या आणि उधळू नका, उधळे हे शैतानाचे भाऊ आहेत. तिर्मिजीमध्ये त्याच मिकदाम यांच्याकडून आलेली हदीस, माणूस पोटापेक्षा वाईट भांडं भरत नाही, त्याला पाठ ताठ राहण्यापुरते काही घास पुरेत, आणि खायचंच असेल तर एक तृतीयांश अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला, एक तृतीयांश श्वासाला.

पण ताई, या आयती आणि हदीस सासूबाईंना दाखवू नका. निदान पहिल्याच दिवशी, निदान वाद चाललेला असताना तरी नाही. त्या तुमच्याआधी कितीतरी वर्षं रोजे धरतायत, त्यांना यातलं बरंच माहीत असणार आणि सुनेने फोनवरून वाचून दाखवलं की ऐकू येतो तो फक्त अपमान. शैतानाच्या भावांची आयत तर दुसऱ्यासाठी कधीच वाचू नये, ती स्वतःसाठी वाचायची. तुम्ही या मनात ठेवा म्हणजे कुणी कंजूस म्हटलं तर आतून डळमळायला होणार नाही, इतकंच त्यांचं काम.

सासूबाईंना एक वेगळा प्रश्न विचारा. त्यांच्या लहानपणी इफ्तारीला काय असायचं? कोण काय बनवायचं, किती जण बसायचे, काय पुरायचं नाही? निवांत विचारा आणि पूर्ण ऐका. भरभरून मांडणाऱ्या माणसांनी बऱ्याचदा कधीतरी अपुरं ताट पाहिलेलं असतं, रिकामं भांडं दिसलं की त्यांना भीती वाटते, आणि तुमच्या सासूबाईंचं तसं असेल किंवा नसेलही, पण ऐकल्याशिवाय कळणार नाही. भीती असेल तर उपाय सोपा आहे, फ्रीझरमध्ये एक डबा कायम तयार ठेवा आणि त्यांना दाखवून ठेवा की अचानक चार माणसं आली तरी हे आहे. मग दस्तरखानावर रोज चार माणसांचं जास्तीचं मांडायची गरज त्यांनाच वाटणार नाही.

आणि गुपचूप कमी करण्याचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, करू नका. चार दिवस कुणाला कळणार नाही, पाचव्या दिवशी नेमकं भांडं संपेल, दीर अजून एक वाढा म्हणेल आणि त्या क्षणी तुमची चोरी पकडल्यासारखं होईल, मग पुढची दहा वर्षं तोच किस्सा ऐकावा लागेल. उघडपणे करा, आणि आधी तीन दिवस काहीच कमी न करता फक्त बघा. एक मोठं भांडं ठेवा, रात्री जे जे कचऱ्यात जाणार ते आधी त्यात टाका, ताटातलं उष्टं आणि पातेल्यातलं उरलेलं वेगवेगळं, आणि वहीत लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालात आहे की 2022 साली जगभरातल्या घरांमधून माणशी सरासरी 79 किलो अन्न वाया गेलं, त्यात सालं-हाडंही धरलेली आहेत, पण सात माणसांच्या घराला लावलं तर साडेपाचशे किलोच्या वर जातं. अशी संख्या ऐकून सोडून दिली जाते. आपल्याच घरातलं तीन रात्रींचं भांडं दिसलं की माणसं गप्प होतात, तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. ते भांडं सासूबाईंसमोर आपटायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण लपवायचंही नाही.

त्या भांड्यावरून पुढचं आपोआप ठरतं. बहुतेक घरांत तेच तीन-चार पदार्थ सारखे उरतात, तुमच्याकडेही तसंच दिसतंय. भात शिजल्यावर वजनाने साधारण तिप्पट होतो, त्यामुळे इतर पदार्थ असताना माणशी 50 ग्रॅम कच्चा तांदूळ पुरे, मोठ्या खाणाऱ्याला 75 धरा, सात जणांना साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. एक वाटी ठरवून घ्या आणि तीच वापरा. फळं सगळी एकदम कापू नका, अर्धी कापा, बाकीची टोपलीत अख्खी राहू द्यात, तरावीहनंतर ज्याला हवं तो कापून घेईल आणि नाही खाल्ली तरी उद्या ती फळंच असतात. तळणाचं सारण किंवा पीठ करून ठेवलं तरी तळायचं मात्र दोन घाण्यांत, पहिला घाणा अजानच्या आधी, दुसरा नमाजनंतर, तोही कुणी मागितला तरच. कच्चं सारण फ्रीझरमध्ये टिकतं, तळलेलं मऊ पडलं की त्याला वाली नसतो. सरबत एक ग्लास माणशी, जास्तीचं पाणी प्यायचं.

आणि सगळं एकदम मांडू नका. पैगंबर (स.) खजुरावर रोजा सोडायचे, ताजे नसतील तर सुके, तेही नसतील तर पाण्याचे घोट, आणि मग नमाज. तुम्हीही तसंच करा, खजूर-पाणी, मगरिबची नमाज, मग जेवण. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण 20 मिनिटं लागतात, तेवढा वेळ नमाजात गेला की माणूस परत येऊन बसतो तेव्हा त्याची खरी भूक किती ते त्याला कळतं आणि ताटात टाकलेलं राहत नाही. हे एवढं एक केलं तरी निम्मा फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

नवऱ्याला आणू नका असं सांगू नका. दिवसभर रोजा धरून घरी येणारा माणूस हातात काही घेऊन येतो यात त्याचं प्रेम आहे आणि ते मोडायचं नाहीये. त्याला काम द्या. दुपारी जोहरच्या सुमाराला मेसेज करा, "आज फक्त खजूर आणा" किंवा "आज तळलेलं तुमच्याकडे, सात नग, घरी तळत नाही." म्हणजे त्याचं आणणं कागदावरच्या मेन्यूतच बसतं.

आता उरलेल्याचं. तुम्ही लिहिलंय की सहरीला तुम्ही स्वतः संपवता आणि मग दिवसभर जड वाटतं. ताई, हे थांबवा. सहरीत बरकत आहे अशी हदीस आहे, ती तुमच्यासाठीही आहे, तुम्ही तेव्हा तळलेलं गार खाऊन दिवसभर तहानेने हैराण व्हायचं असं कुणी सांगितलेलं नाही. नको असलेलं अन्न पोटात ढकललं तर ते वाचलं असं होत नाही.

आणि ते "कुणाला तरी देते" हेही मला थोडं टोचलं, रागावू नका. रात्री अकरा वाजता, सगळ्यांचे हात लागून गेलेलं, तीन तास उघडं पडलेलं अन्न आपण देतो आणि मनाला बरं वाटून घेतो. सूरह अल-बकराची 267वी आयत सांगते की खर्च करताना वाईट ते निवडून देऊ नका, जे तुम्हाला कुणी दिलं तर तुम्ही डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही. द्यायचंय ना, मग आधी काढा. स्वयंपाक झाला की घरच्यांसाठी डाव बुडायच्या आधी एक डबा भरा आणि मुलाच्या हाताने असरनंतर शेजारी पाठवा, गरम, झाकलेला, जसा स्वतःच्या पाहुण्याला द्याल तसा. आपले साथी अबू जर यांना पैगंबरांनी सांगितलं होतं की रस्सा कराल तेव्हा पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, सहीह मुस्लिममध्ये आहे. सासूबाईंना हे नक्की आवडेल, कारण त्यांना भरलेलं भांडं हवंय आणि हे भांडं भरलेलंच आहे, फक्त ते दुसऱ्या दारात पोचतंय. माझा सल्ला आहे की हा डबा त्यांच्या हातानेच भरू द्या.

एवढं करूनही उरणारच, रोज थोडं उरतं, त्यात पाप वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त ते वेळेत आत ठेवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, फार उकाडा असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे तर दस्तरखान मगरिबपासून तरावीह होईपर्यंत तसाच पसरलेला असतो, तिथेच चांगलं अन्न फेकण्याच्या लायकीचं होतं. म्हणून इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजला निघायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी हात लावायचा, दीरानेही, आणि उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. भाताची जास्त काळजी घ्या, त्यात असे जंतू असतात जे शिजवूनही पूर्ण मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की वाढतात, त्यामुळे तो लगेच गार करून ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच वाफाळेपर्यंत गरम करा. बाकीचं शिजवलेलं तीन दिवस धरा. डब्यावर तारखेऐवजी रोज्याचा नंबर लिहा, "रोजा 11", "रोजा 12", घरातल्या प्रत्येकाला आज कितवा रोजा हे माहीत असतं त्यामुळे कुठला डबा आधी संपवायचा हे विचारावं लागत नाही. आणि आठवड्यातून एक दिवस ठरवा की त्या दिवशी नवीन काही शिजणार नाही, डबेच उघडायचे.

रविवारची दावत. इथे तुम्हाला पूर्ण बदल करता येणार नाही आणि या वेळी तो हट्टही धरू नका, पाहुण्यांसमोर सासूबाईंची मान खाली जाईल असं काही नको. पण तीन गोष्टी नक्की जमतील. आज-उद्या प्रत्येकाला फोन करून किती जण येतायत आणि कोण काही घेऊन येतंय का हे विचारा, कारण वीस म्हटलं की आपण पंचवीसचं करतो आणि पाच घरांतून पाच डबे येतात. मुख्य पदार्थ दोनच ठेवा, मोठे आणि मनापासून केलेले, दोन जणांचं जेवण तिघांना आणि तिघांचं चौघांना पुरतं ही हदीस सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे ऐनवेळी एखाद-दुसरा वाढला तरी घाबरू नका. आणि दाराजवळ रिकामे डबे मांडून ठेवा, जेवणं झाल्या झाल्या, अन्न अजून चांगलं असताना, जाणाऱ्याच्या हातात द्या, सहरीला होईल म्हणून. पाहुण्यांनाही ते आवडतं, मी पाहिलंय.

आता तुमचं ते वाक्य. अजान होते तेव्हा तुम्ही गॅससमोर असता. तुम्हीही रोजेदार आहात ताई. दिवसभर उपाशी राहून, घामाघूम होऊन, पाचवा प्रकार तळत तुम्ही ती वेळ घालवता जेव्हा सगळे हात वर करून दुआ मागत असतात, आणि तो पाचवा प्रकार रात्री कचऱ्यात जातो. अन्न वाया जातंय याचं तुम्हाला दुःख आहे, मला तुमच्या त्या अर्ध्या तासाचं जास्त आहे. सासूबाईंशी बोलायचंच असेल तर इथून बोला. किती फेकलं जातं याचा हिशेब नको, फक्त म्हणा, "अम्मी, मला पण तुमच्यासोबत बसून रोजा सोडायचाय." याला कंजुषी म्हणता येत नाही, आणि माझी खात्री आहे की त्या स्वतः कितीतरी वर्षं अशाच गॅससमोर उभ्या राहिल्या असतील.

उद्या एवढंच करून बघा. पहिला घाणा काढला की अजानच्या दहा मिनिटं आधी गॅस बंद, हात धुवायचे, ओढणी सारखी करायची आणि मुलाला शेजारी घेऊन बसायचं. दुसरा घाणा कुणाला हवा असेल तर नमाजनंतर, आणि तो तळायला दीर उभा राहील.

तुमची ताई